कुंकू लावलेलं बंदर

आमच्या सोप्यात खंडोबाच्या तसबिरीशेजारी एक समुद्र टांगलेला होता. गावात आड दोन, त्यातला एक संक्रांतीनंतर तळ दाखवायचा, आणि आमच्या भिंतीवर मात्र बारमाही पाणी. येणारा-जाणारा आधी खंडोबाला हात जोडायचा आणि मग मान तिरकी करून समुद्राकडे बघत बसायचा. ‘ह्यो कुठला म्हणायचा?’ असं कुणी विचारायचा अवकाश, की तात्या खाकरून उठायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून हवालदार होऊन आलेले, मिशी आणि आवाज दोन्ही शाबूत. कोपऱ्यातली मेंढरं हाकायची काठी घेऊन ते चित्रासमोर उभे राहायचे आणि जहाजं, किल्ला, निशाण, झाडं अशा एकेकावर काठीचं टोक ठेवत सगळं बंदर समजावून सांगायचे. त्यांनी स्वतः ते बंदर पाहिलेलं नव्हतं, पण त्यानं त्यांचं काही अडत नसे.

चित्र होतं मात्र बघण्यासारखं. जाड, चहाच्या रंगाला आलेला जुना छापील कागद, मधोमध घडीची रेघ. पुढे समुद्र, त्यातल्या लाटा नांगरटीसारख्या एकाखाली एक ओळीनं काढलेल्या. त्यावर शिडांची मोठी जहाजं आणि त्यांच्यामधून वल्ही मारत जाणाऱ्या चिमुकल्या होड्या. पलीकडे काठावर किल्ला, किल्ल्यावर निशाण, आणि किल्ल्याला लागूनच कौलारू घरांची एक ओळ. ती घरं पाण्याच्या इतकी जवळ होती की बाईनं दारातून खरकटं पाणी फेकलं तर ते समुद्रातच पडावं. वाळूवर टोपीवाला एक गोरा आणि त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा असलेला एक आपल्याकडचा माणूस. खाली परक्या भाषेत एक ओळ होती, ती गावात कुणालाच वाचता येत नव्हती. परवा नातीनं त्या ओळीचा फोनवर फोटो काढला आणि बसल्या जागी अर्थ सांगितला. गोरे लोक व्यापाराला म्हणून नुकते कुठे येऊन बसले होते त्या काळातलं मछलीपट्टण, कुणा साहेबानं जहाजावरून बघून काढलेलं आणि मग त्यांच्या मुलखात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. ‘आजी, यातलं आता काहीच नसेल गं,’ असं ती म्हणाली. मी म्हटलं, नसेल.

हा समुद्र आमच्या घरी आला तो आण्णांबरोबर. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा धंदा गलाईचा. आमच्या विट्याकडच्या माणसाला गलाई सांगावी लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. सोनाराच्या दुकानातला केर, झाडलोटीची माती, पुसायची फडकी, जुनी जर, असलं सगळं गोळा करायचं, जाळायचं, राख धुवायची आणि ती मुशीत वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढायचं. आमची माणसं या धंद्यापायी पार देशभर पांगलेली. आण्णा मछलीपट्टणला गेले, कारण तिथं मुलाम्याचे दागिने करणारे पुष्कळ, आणि जिथं मुलामा तिथं सोन्याची धूळ. तिथले लोक आपल्या गावाला नुसतं ‘बंदर’ म्हणतात. मग आमच्या घरातही बंदरच झालं. आण्णा कुठे आहेत, तर बंदरावर. कधी येणार, तर यात्रेला, बंदरावरनं.

तर तिथल्या कुठल्याशा जुन्या बंगल्याची आवराआवर झाली आणि त्यातली एक मोठी चौकट आण्णांच्या दुकानी आली. लाकडी चौकट, वरून सोन्याचा वर्ख. गलाईवाल्याला चित्र दिसत नाही, चौकट दिसते. आण्णांनी कागद काढून बाजूला ठेवला, चौकट जाळली, राखेतलं सोनं मालकाच्या हातावर ठेवलं. कागद मालकाला नकोच होता. दुसऱ्या कुणी तो भट्टीच पेटवायला वापरला असता. आण्णांनी गुंडाळी करून ठेवली आणि यात्रेला येताना कपड्यांच्या ट्रंकेत घालून घरी आणली. आमच्या गावच्या सुतारानं बाभळीची चौकट करून दिली, जरा वाकडीच, आणि सोन्यातला समुद्र बाभळीत बसला.

ज्या दिवशी तो भिंतीवर चढला त्या दिवशी यात्रेची पाहुणी माणसं सोप्यात जेवायला बसली होती. सागुतीचा वास, बाहेर हलगी, आणि तात्या काठी घेऊन चित्रापुढे. सगळ्यांदेखत ते आण्णांना म्हणाले, ‘मग यातलं तुजं दुकान कुठलं रं? दाव की समद्यास्नी.’ आण्णा हातातली भाकरी खाली ठेवून उठले. त्यांनी चित्राकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि मग घरांच्या ओळीतल्या शेवटच्या घरावर, पाण्याला अगदी चिकटून असलेल्या घरावर, बोट ठेवलं. ‘ह्ये असंल बगा,’ म्हणाले. तात्यांनी काठीनं ते घर सगळ्यांना दाखवलं. त्या दिवसापासून ते आण्णांचं घर झालं.

आण्णा परत गेले आणि आईनं त्या घराला कुंकू लावायला सुरुवात केली. सकाळी देव झाले की करंगळीच्या टोकानं एक ठिपका, आधी खंडोबाला, मग त्या घराला. ठिपका रोज त्याच जागी पडायचा. हळूहळू घराचं दार गेलं, भिंत गेली, कौलं गेली, आणि ओळीच्या टोकाला नुसता एक लाल डाग राहिला. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझा धाकटा भाऊ संपत तर जेवताना घास त्या डागाकडे दाखवून ‘आण्णा, घे’ म्हणायचा.

इथं एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आई तात्यांशी बोलत नसे. भांडण मुळीच नव्हतं. थोरल्या दिराशी सुनेनं तोंडानं बोलायचं नाही, एवढंच. तात्या सोप्यात असले की ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची, पदर पुढे ओढायची आणि मला म्हणायची, ‘तात्यास्नी म्हणावं, वाढलंय.’ तात्या चार हातांवर बसलेले असायचे, त्यांना स्वच्छ ऐकू यायचं, तरी मी जाऊन सांगेपर्यंत ते उठत नसत. मी नसले तर आई दाराच्या चौकटीला सांगायची, ‘आज मीठ संपलंया बाई,’ आणि संध्याकाळी तात्या मीठ आणायचे. मोठी आई, म्हणजे तात्यांची बायको, लवकर वारलेली, त्यामुळे घरात मधे बोलायला दुसरं कुणी नव्हतं. दोघांच्या मधली जीभ मी होते. मला त्याचा अभिमानही होता, कारण माझ्याशिवाय घराचं पान हलत नाही असं मला वाटायचं. निरोप नेणाऱ्याला निरोपाची भीतीही वाटू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शाळवाची पिकं गुडघ्याला लागली होती. त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून आलं आणि पूर्वेकडून वारा सुटला. आमच्याकडे त्या दिवसांत पूर्वेचं वारं असं येत नाही. शेरडं दावणीला हिसके देत ओरडायला लागली. पत्र्यावर ठेवलेल्या मिरच्या मी आणि आईनं पळत जाऊन गोळा केल्या. आत तात्यांचा रेडिओ चालू होता. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. आंध्रच्या किनाऱ्याला मोठं वादळ धडकलंय, समुद्र ताडामाडाएवढा उठून आत शिरलाय, अनेक गावांशी संपर्क तुटलाय. त्यानं गावांची नावं घेतली आणि त्यात मछलीपट्टणचं होतं. मी सुपात मिरच्या घेऊन दारात उभी होते. आईनं माझ्या हातातून सूप घेतलं आणि खाली ठेवलं. तिनं ते इतकं हळू ठेवलं की मला त्याचीच धास्ती बसली.

तात्या उठले आणि चित्रापुढे जाऊन उभे राहिले. माणूस घाबरला की आपल्याला जे येतं ते करत बसतो. तात्यांना नकाशा वाचता यायचा. फौजेत शिकवतात तसा त्यांनी हात लांब धरला, एक डोळा मिटला आणि अंगठा चित्रावर धरून मोजायला लागले. ‘ह्यो छत्रीवाला गडी साडेपाच फुटाचा धरू,’ ते स्वतःशीच बोलत होते. ‘असं सहा गडी आडवं टाकलं की आलं पाणी. म्हंजे डिस्टन्स काय? कायच न्हाई.’ मग त्यांनी माडाचं झाड मोजलं. मग लाट माडाएवढी धरली. मग अंगठा लाल डागावर ठेवला आणि तिथंच थांबले. मी त्यांच्या पाठीमागून बघत होते. त्यांच्या अंगठ्याखाली आण्णांचं घर पूर्ण झाकलं गेलं होतं.

आईनं मला दाराआड बोलावलं. ‘तात्यास्नी म्हणावं, दुकान समुद्रापासनं लांब हाय.’ मी सांगितलं. तात्या मान न वळवता म्हणाले, ‘लांब म्हंजे किती, इचार तिला. हितं समोर दिसतंय की.’ मी परत दाराआड गेले. आईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ते तिनं गिळलं. ‘लय लांब हाय म्हणावं,’ एवढंच म्हणाली. तेही मी जाऊन सांगितलं. हवालदारानं अंगठ्यानं मोजल्यावर बायामाणसांच्या ‘लय’ला काय किंमत?

ते विट्याला गेले. तिथं पेठेत आमच्या धंद्यातल्यांचं एक दुकान होतं, त्यांचे पाहुणे विजयवाड्याला. फोन लावून लावून थकले, तारा तुटलेल्या. तात्या संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि चपला न काढता सोप्यात बसले. गावात बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भावकीतले गडी येऊन बसायला लागले. येणारा प्रत्येक जण आधी चित्रासमोर जायचा. तात्या उठायचे, छत्रीवाल्या गड्यापासून सुरुवात करायचे आणि डागापाशी येऊन थांबायचे. मग तो माणूस मान हलवायचा, खाली बसायचा आणि टोपी काढून मांडीवर ठेवायचा. मी ते कितीदा बघितलं कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी आण्णा थोडे जास्त बुडत होते.

पुढे मी सांगलीला शाळेत शिक्षिका झाले आणि जन्मभर चौथीच्या पोरांना नकाशा शिकवला. वर्गात पहिल्याच दिवशी मी सांगायची, चित्र आणि नकाशा यांत फरक असतो बाळांनो, चित्रात जवळ दिसलं म्हणजे जवळ असतं असं नाही. हे सांगताना माझा आवाज नको तेवढा चढायचा. पोरांना वाटायचं, बाई उगीच रागावतात.

पण तेव्हा मी सातवीतली पोर होते आणि माझाही तात्यांवर विश्वास होता. मला स्पष्ट दिसत होतं, आण्णा त्या घराच्या दारात बसलेत, पुढ्यात भट्टी, पाठ समुद्राकडे. त्या ओळीनं काढलेल्या लाटा एकीवर एक चढत यायच्या आणि आण्णांना ऐकूच जायचं नाही, कारण भात्याचा आवाज. मी डोळे उघडे ठेवले तरी ते दिसायचं. आमच्या गावात बुडून मेलेलं कुणी नव्हतं. बुडायला लागतं तेवढं पाणीच नव्हतं. त्यामुळे बुडणं म्हणजे नेमकं काय होतं हे विचारायचं कुणाला, हेही मला कळत नव्हतं. मी आडावर जाऊन आत वाकून बघितलं. खाली काळं पाणी होतं आणि त्यात माझं डोकं. मी पळत घरी आले.

दुपार कलायला लागली तेव्हा गंगूकाकी आली. भावकीतली, आईपेक्षा वयानं बरीच थोरली, मनानं चांगली बाई. तिच्या डोक्यावर बुट्टी होती आणि बुट्टीवर धुतलेलं पांढरं फडकं. ती मागच्या दारानं आली, बुट्टी खाली ठेवली, फडकं बाजूला केलं. भाकरी होत्या, बाजरीच्या, एकीवर एक, आणि पितळीत पिठलं. मला भूक लागली होती, सकाळपासून कुणी काही दिलं नव्हतं. पण मी त्या भाकरीला हात लावला नाही. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून भाकरी येते. अशीच येते, मागच्या दारानं, पांढऱ्या फडक्याखाली. मोठी आई गेली तेव्हा याच बुट्टीतून आली होती.

‘आजचा दीस चूल नगं पेटवूस पोरी,’ गंगूकाकी म्हणाली. तिनं आईचा हात हातात घेतला आणि मनगटावरच्या बांगड्या अंगठ्यानं थोड्या मागे सारल्या. काही केलं नाही, नुसत्या सारल्या, त्यांचा बारीक आवाज झाला. ‘पोरांस्नी घालून घे दोन घास. मागनं येतील बाया.’

कशाला येतील, हे मी विचारलं नाही. मला कळलं. बाहेर तात्या कुणाला तरी सांगत होते, ‘मी उंद्या निघतो. जाऊन बघून येतो. पण मन घट्ट करून ठिवायला पायजे, आता काय राह्यलं न्हाई.’ आणि आत एक चांगली बाई माझ्या आईच्या बांगड्या मागे सारत होती. कुणी मेल्याची खबर आलेली नव्हती. तार नव्हती, फोन नव्हता, माणूस नव्हता. एका कागदावरून माझ्या आईला विधवा करायला निघाले होते, आणि सगळे मायेनंच करत होते. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. बाळंतपणात नाही, नवरा अतिदक्षता विभागात होता तेव्हाही नाही.

आई उठली. तिनं काटवट ओढली, पीठ घेतलं, चुलीत काटक्या सारल्या आणि काडी ओढली. वाऱ्यानं काडी विझली. दुसरी ओढली. धूर झाला, मग जाळ झाला. गंगूकाकी ‘अगं, अगं’ म्हणत उभी राहिली. आईनं तिच्याकडे बघितलं नाही. ती मला म्हणाली, ‘जा. तात्यास्नी सांग…’

आणि मला जाता येईना. मला वाटलं, आता मी जो निरोप नेईन त्यानं काहीतरी कायमचं ठरून जाईल. सोप्यात एवढे गडी बसलेत, ते सगळे माझ्याकडे बघतील, मग चित्राकडे बघतील, आणि आण्णा मरतील. मी चुलीपाशीच खाली बसले आणि गुडघ्यात तोंड घातलं.

मग आईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्या बाजूनं निघून गेली. मी मान वर केली तेव्हा ती दाराआड नव्हती, दारात होती. तिथं मी तिला आधी कधी पाहिलेलंच नव्हतं.

‘आवं तात्या,’ ती म्हणाली.

तात्यांनी मागे वळून माझ्यासाठी बघितलं. निरोप येतो तर मी असणार, अशी त्यांना सवय. मी नव्हते.

‘त्येनी समुद्र बगितलेला न्हाई,’ आई म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. ‘दोन वरसं झाली बंदरावर जाऊन, अजून समुद्र बगितला न्हाई. मला सोता सांगितलंया. भट्टी सोडून जायाला गावत न्हाई म्हणत्यात. दुकान बाजारात हाय, सोनारांच्या गल्लीत. समुद्र तितनं सायकलीवर बी लय लांब पडतो. ह्ये चित्रातलं घर त्यांचं न्हवं. तुमी चारचौघांत इचारलंसा. थोरल्या भावाला पावण्यांदेखत न्हाई कसं म्हणायचं, म्हणून बोट ठिवलं.’

तात्यांची मान चित्राकडे गेली, तिथून आईकडे आली. ‘मग आदी का न्हाई सांगितलंस?’ ते म्हणाले. आईशी त्यांचं आयुष्यातलं ते पहिलं वाक्य.

‘सांगितलं की. लांब हाय म्हणून पोरीकडनं धाडलं. तुमी मापून दावलंसा.’ आईनं पदर सावरला. ‘त्येनी चारचौघांत खोटं बोलल्यालं पोरीच्या तोंडनं कसं धाडू? म्हणून गप बसले. आता बसायची न्हाई. माजी चूल पेटलीया. समदी जेवून जावा.’

ती आत आली आणि भाकरी थापायला बसली. मला वाटलं, संपलं, आण्णा वाचले. मी तिच्या कुशीत शिरले. भाकरीची कड नीट येत नव्हती, पुन्हा पुन्हा मोडत होती. ‘मग आण्णा हायेत न्हवं?’ मी विचारलं. ती तव्याकडे बघत म्हणाली, ‘मला बी काय ठावं गं. घर त्यांचं न्हवं, एवडंच ठावं हाय.’ तेव्हा कुठे मला कळलं की तिलाही माझ्याएवढीच भीती वाटत होती.

गडी जेवले. भावकीची माणसं पेटलेल्या चुलीचा मान मोडत नाहीत. गंगूकाकीनं बुट्टी परत नेली, पण पिठलं ठेवून गेली, म्हणाली पोरांना आवडतं. तात्या जेवले नाहीत. ते तसेच चपला घालून एसटीच्या थांब्यावर गेले, पुन्हा विट्याला, पेठेतल्या त्या फोनपाशी बसायला. ती रात्र आणि दुसरा दिवस कसा गेला ते मला आठवत नाही. फक्त चुलीचं आठवतं. आई ती विझू देत नव्हती. स्वयंपाक नसला तर पाणी तापवायची, पाणी तापलं की ओतून द्यायची, पुन्हा ठेवायची. ज्या गावात पाणी घागरीनं मोजतात तिथं ती तापलेलं पाणी ओतून देत होती.

त्याच्या पुढच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तात्या दुधाच्या टेम्पोतून उतरले. आम्ही दारातून बघत होतो. त्यांच्या चालीवरून काही कळेना. फौजी माणूस, सुखात आणि दुःखात सारखाच चालतो. त्यांनी अंगण ओलांडलं, सोपा ओलांडला. मी निरोप घ्यायला पुढे झाले. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन, आत तोंड करून, थेट आईला सांगितलं, ‘जित्ता हाय. विजयवाड्याला माणूस गाठलाय त्येनं, तितनं फोन आला. पत्रा उडाला दुकानाचा. बाकी कायसुदिक न्हाई.’

आईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि त्यावर पाणी मारलं. मग ती भिंतीला टेकून बसली आणि पदरात तोंड घालून रडली. तात्या दारातच उभे राहिले. आत यावं की बाहेर जावं, हे त्यांना सुचेना.

आण्णा आले ते बऱ्याच दिवसांनी. वाळले होते आणि एक हात चांगलाच खरचटला होता. संपत त्यांच्या गळ्याला लटकून राहिला. जेवताना त्यांनी थोडं थोडं सांगितलं. गल्लीत मांडीएवढं पाणी आलं, ते सगळे शाळेच्या इमारतीत जाऊन थांबले, वारा असा होता की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. मग वादळ शमल्यावर गल्लीतले सगळे मिळून किनाऱ्याकडच्या गावांना मदतीला गेले, तेही गेले. ‘मग तवा समुद्र बगितला व्हय?’ संपतनं विचारलं. आण्णांनी ‘व्हय’ म्हटलं आणि ताटातच हात धुतला. भाकरी निम्मी राहिली होती. त्यापुढे त्यांनी ते कधीच सांगितलं नाही. मोठेपणी मी त्या वादळाचं जे वाचलं त्यावरून ते का सांगत नव्हते हे कळलं. पाण्याकाठची घरं खरोखरच गेली होती, माणसांसकट.

ताटं उचलल्यावर तात्या उठले. कोपऱ्यातली काठी त्यांनी घेतली नाही. हात मागे बांधून ते चित्रासमोर उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘आता खरं दाव बाबा. कुठं हाय?’

आण्णांनी आईकडे बघितलं. आई दारातच होती, आड गेली नव्हती. मग ते उठले आणि चित्रावर हात फिरवत फिरवत नेला. समुद्र मागे पडला, किल्ला मागे पडला, माडांची रांग संपली, बाभळीची चौकट संपली. तिच्याही पलीकडे, चुन्याच्या कोऱ्या भिंतीवर वीतभर पुढे जाऊन त्यांनी बोट टेकलं. ‘हितं,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव झाल्यावर आईनं तिथं कुंकू लावलं, भिंतीवर, कोऱ्या चुन्यात. मला वाटलं झालं. पण तिनं करंगळी पुन्हा करंड्यात बुडवली आणि चित्रातल्या त्या शेवटच्या घरालाही ठिपका लावला, नेहमीसारखा. मी म्हटलं, ‘आई, ते आण्णांचं न्हाई की आता.’

‘न्हाई तर न्हाई,’ ती म्हणाली. ‘कुणाचं तरी असंलच की.’

ते चित्र आता माझ्याकडे, सांगलीच्या घरी आहे, आणि चौकटीपलीकडे वीतभर अंतरावर इथल्या भिंतीवरही कुंकवाचा ठिपका आहे. बंदरावरचं दुकान आता संपत चालवतो. घराला रंग देताना रंगारी दर वेळी विचारतो, बाई, हा भिंतीवरचा डाग घासून काढू का? मी त्याला चहा देते आणि नको म्हणते. तिकडच्या किनाऱ्याला वादळाचा इशारा आला की तो पहिल्यांदा माझ्या फोनवर येतो, संपतच्या आधी. मी संपतला फोन लावते, लागेपर्यंत गॅसवर पाणी ठेवते, आणि दोन ठिकाणी कुंकू लावते.